बाथरूममधला आधार: चिकटवायचं हँडल की स्क्रूने बसवलेला दांडा?

घरातल्या वयस्कर माणसासाठी बाथरूममध्ये आधार लावायचं एकदा ठरलं, की घोडं अडतं ते एकाच ठिकाणी. व्हॅक्यूमवर टाइलला चिकटणारं हँडल घ्यायचं, की भिंतीला ड्रिल करून स्टीलचा दांडा बसवायचा? मी दोन्ही वापरलेत, आणि दोन्ही आईसाठीच. आधी हँडल आणलं, सात-आठ महिन्यांनी दांडा बसवला. (टॉवेलचा रॉड आहेच की, असं कोणाच्या मनात असेल तर ते आधी काढून टाका. तो टॉवेलच्या वजनासाठी असतो, माणसाच्या नाही.)

हँडल मी विचार करूनच घेतलं होतं. भिंतीला हात लावायचा नाही, मिस्त्रीची वाट बघायची नाही, दोन खटके दाबले की काम झालं. भाड्याच्या घरात तर घरमालकाला विचारायचीही गरज नाही. पण मला खरा उपयोग झाला तो जागा बदलण्याचा. मी ते नळाच्या बाजूला लावलं होतं, कारण मला स्वतःला तिथे आधार लागेल असं वाटलं. आई मात्र स्टुलावरून उठताना डावीकडची भिंत चाचपायची. दोनदा हँडल हलवल्यावर तिचा हात आपोआप जातो ती जागा सापडली. पहिल्याच दिवशी ड्रिल केलं असतं तर भोकं भलत्याच ठिकाणी पडली असती.

आता ताकदीचं बघू. हँडलच्या दोन्ही टोकांना रबरी कप असतात, आणि बाहेरच्या हवेचा दाब त्यांना टाइलवर दाबून धरतो. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. १० सेंटिमीटर व्यासाच्या कपाचं क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे हिशेबाने एकेक कप ७५ किलोच्या पुढची ओढ सोसायला हवा. मीही हाच हिशेब करून निश्चिंत झालो होतो. पण तो लागू होतो कपाखाली अजिबात हवा नसेल आणि ओढ सरळ समोर असेल तेव्हाच. पाय घसरलेला माणूस खाली, तिरका आणि झटक्यात ओढतो. कपाची एक कड उचलली गेली की हवा आत शिरते आणि अख्खा कप सुटतो. कपाखाली टाइलचा सांधा आला, टाइल खडबडीत असली किंवा साबणाचा पातळ थर राहिला, तर कोणी हात न लावताही हवा हळूहळू आत जात राहते. बऱ्याच हँडलांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलंच असतं की हे तोल सांभाळण्यापुरतं आहे, पूर्ण भार टाकू नये. ते वाक्य मी विकत घेतल्यावर वाचलं.

तरीही कदाचित मी हँडलच ठेवलं असतं. माझं मत फिरवलं ते एका नखाएवढ्या पट्टीने. कपाची पकड नीट असली की पट्टी हिरवी दिसते, ढिली झाली की लाल. कल्पना चांगली आहे. पण आई आंघोळीला जाताना चष्मा बाहेर काढून ठेवते. त्यात गरम पाण्याची वाफ. धोका आहे हे जिला कळायला हवं, तिलाच ती पट्टी दिसत नव्हती. मग रोज सकाळी तिच्या आधी आत जाऊन पट्टी बघणं आणि खटके पुन्हा दाबणं हे माझं काम झालं. मी दोन दिवस बाहेरगावी गेलो तेव्हा नेमकं रात्री हँडल धपकन खाली पडलं. सकाळी आईला ते ओल्या फरशीवर, दारातच पडलेलं दिसलं. पाय अडकला असता तर आधारासाठी लावलेल्या वस्तूनेच ती पडली असती. त्यानंतर ती हँडल धरायच्या आधी दोनदा ओढून बघायला लागली. एक हात स्टुलावर, दुसऱ्याने हँडलची परीक्षा. ते बघवलं नाही.

दांड्याचा त्रास एकदाच होतो, पण होतो हे कबूल. आधी टाइलवर बोटाने टकटक करून बघावं. पोकळ आवाज आला तर तिथे बसवू नये, किंवा जाणकार मिस्त्रीला दाखवावं. टाइल कापली जाईपर्यंत ड्रिल हॅमरवर, म्हणजे ठोके देत, चालवू नये, नाहीतर तडा जातो. स्क्रूला धरून ठेवणारा प्लग टाइलमागच्या भक्कम भिंतीत जायला हवा आणि भोकांत सिलिकॉन भरायला हवं, म्हणजे पाणी आत झिरपत नाही. मापांसाठी मी अमेरिकेतली दिव्यांगांसाठीची मानकं पाहिली. जमिनीपासून ८४ ते ९१ सेंटिमीटर उंची, ११३ किलोचा भार पेलण्याची क्षमता आणि दांडा-भिंतीत सुमारे ३८ मिलिमीटर अंतर. हे अंतर मुद्दाम कमी ठेवलेलं आहे. बोटं मावतात, पण हात सटकून कोपरापर्यंत आत जाऊन अडकत नाही. उंची मात्र मी आईला स्टुलावर बसवून, उठवून, तिच्या हाताप्रमाणे थोडी खाली घेतली. गुळगुळीत चकचकीत दांड्याऐवजी खरखरीत पकडीचा घेतला, साबणाच्या हातांसाठी.

प्रत्येकाच्या घरची गोष्ट वेगळी, हे मान्य. घर भाड्याचं आहे, शस्त्रक्रियेनंतर महिना-दीड महिनाच आधार लागणार आहे, घरात रोज पट्टी बघणारं डोळस माणूस आहे आणि टाइल मोठ्या व गुळगुळीत आहेत, तर हँडल चालून जाईल. पण आधार कायमचा हवा असेल आणि ते माणूस आंघोळीला एकटं जात असेल, तर माझ्या मते भोकं पाडायला कचरू नये. भोकं नंतर बुजवता येतात. दांडा बसवल्यावर आठवडाभर आईने तोही ओढून पाहिला. मग कधीतरी ती सवय गेली. आता ती तिकडे न बघताच हात टाकते.

हँडल मी फेकलेलं नाही. आता कमोडशेजारी दुसरा दांडा बसवायचाय आणि तिथे तिचा हात कुठे जातो ते अजून नक्की होत नाहीये. तोवर ते तिथल्या टाइलवर लावलंय. त्यावर भार टाकायचा नाही हे तिला सांगितलंय, आणि उठताना मी बाजूला उभा राहतो.