नव्या गाडीची वॉरंटी: दोन उन्हाळे काढल्यावर काय मिळालं, काय नाही

गाडीचं मायलेज, पिकअप, सनरूफ यावर व्हिडिओ खंडीभर पडले आहेत, त्यात मी भर घालत नाही. गाडी बरी चालून राहिली, विषय संपला. लिहायचं आहे ते वॉरंटीबद्दल, कारण गुढीपाडव्याला गाडी आणली तेव्हापासून दोन उन्हाळे आणि एक पावसाळा तिनं आमच्या दारव्ह्याकडच्या रोडवर काढले आणि तेवढ्यात त्या वॉरंटीच्या पुस्तकाची बरीच पानं माझ्या तोंडपाठ झाली. कंपनीचं नाव लिहीत नाही. तीनचार कंपन्यांची पुस्तकं चाळून पाहिली, भाषा थोडीफार एकच आहे, तेव्हा कोणाचीही गाडी असली तरी हे कामात येईल.

माझी वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर. शोरूमवाला हे सांगताना "तीन वर्षं" जोरात म्हणतो आणि "जे आधी होईल ते" हळूच. आमच्यासारख्या शेतीवाल्याचे तीन वर्षांत एक लाख होत नाहीत, आमची तारखेनंच संपते. पण ज्याचं रोज नागपूर-अमरावती आहे त्याचे किलोमीटर आधी संपतात. मारुतीची वॉरंटी जुलै २०२४ च्या आधी दोन वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर होती, मग त्यांनी तीन वर्षं, एक लाख केली. त्यामुळे मारुतीचीच थोडी आधीची गाडी असलेला चुलतभाऊ माझ्या भरवशावर राहिला आणि त्याची कधीच संपून गेली होती. तेव्हा दुसऱ्याच्या गाडीवरून आपली ठरवू नका, आपलं पुस्तक उघडा. तारीख मोजतात ती गाडी ताब्यात मिळाल्यापासून किंवा विक्रीच्या बिलापासून, गाडी कारखान्यात कधी बनली त्यावरून नाही. ती तारीख पुस्तकात शिक्क्यासकट भरून घ्या. माझ्या पुस्तकात ती जागा कोरी होती, डिलिव्हरीच्या गडबडीत पेढे खाऊ घालायला सगळे हजर आणि शिक्का मारायला कोणी नाही.

आता मेन किस्सा एसीचा.

दुसऱ्या उन्हाळ्यात एप्रिलमध्ये एसी नुसता वारा फेकायला लागला. यवतमाळचं ऊन ज्याला माहीत आहे त्याला जास्त सांगायची गरज नाही. सर्व्हिस सेंटरला नेली, पोरानं बोनेट उघडलं, दोन मिनिटं पाहिलं आणि सांगून मोकळा, "भाऊ, समोरून गिट्टी लागली असन, कंडेन्सर लीक आहे. बाहेरून मार लागला तं वॉरंटीत नाई बसत, इन्शुरन्समधून करून टाका." कंडेन्सर म्हणजे एसीचा गॅस थंड करणारी समोरची जाळी. आता नियम म्हणून तो बरोबर आहे. बाहेरून लागलेला दगड, अपघात, पाणी हे वॉरंटीत नसतंच, वॉरंटी म्हणजे माल किंवा बनावट यात खोट असेल तर. आमच्याकडे रोडचं काम बारमाही चालू, गिट्टी तर उडतेच, त्यामुळे ऐकणाऱ्यालाही ते पटते. पण माझा साळा दिग्रसला फ्रीज-एसीचं काम करतो, त्याला तिथूनच फोन लावला. तो म्हणे, "भाऊजी, गोटा लागला तं जाळी दबलेली दिसनच. टॉर्च मारून पाहा. आन् पाइपाच्या जॉइंटवर तेलकट धूळ बसली आहे का ते पाहा, गॅससोबत तेल बी निंघते."

पाहिलं. समोरून जाळीच्या पट्ट्या एकदम सरळ, एकही वाकलेली नाही. आणि डावीकडे जिथं पाइप जोडला आहे त्या नटाभोवती बोटभर काळा चिखल, सुकलेला नाही, बोट लावलं तर चिकट. बाकी सगळीकडे आपली नेहमीची लाल कोरडी धूळ आणि तेवढीच जागा ओली. मोबाईलवर फोटो काढले, जाळीचे वेगळे, जॉइंटचे वेगळे.

खरी गंमत पुढे. जॉबकार्डवर, म्हणजे गाडीची तक्रार लिहून गिऱ्हाइकाची सही घेतात त्या कागदावर, त्या पोरानं लिहिलं होतं "एसी कूलिंग कमी, कंडेन्सर बाहेरून डॅमेज". मी म्हटलं यावर मी सही नाही करत. तो म्हणे सर फॉर्मॅलिटी आहे. मी म्हटलं फॉर्मॅलिटी आहे तर मग मी सांगतो ते लिही, की जाळीला मार नाही, जॉइंटवर तेल दिसते. अर्धा तास त्यातच गेला, मागे लाइन लागली, शेवटी मॅनेजर आला, त्यानं स्वतः वाकून पाहिलं आणि काही न बोलता जॉबकार्ड बदलायला लावलं. तिथूनच काम फिरलं. क्लेम कंपनीकडे गेला, फोटो गेले, पार्ट यायला वेळ लागला, तोवर आम्ही काचा उघड्या टाकून आणि डोक्याला ओला दुपट्टा बांधून फिरलो. कंडेन्सर बदलून मिळाला. बिलात गॅस भरायचे पैसे लावले होते, ते विचारल्यावर काढले. गॅस उडाला तोच खराब पार्टमुळे, मग तो माझ्या खिशातून काहून?

हे असं का होते, तर पैशाचं गणित असं आहे की वॉरंटीचं काम डीलर करतो आणि पार्टचे, मजुरीचे पैसे त्याला कंपनी देते. कंपनीनं क्लेम नाकारला तर खड्डा डीलरला. त्यामुळे काउंटरवरचा पोरगा थोडाही संशय आला की आधी नाहीच म्हणतो, त्यात त्याची काही दुश्मनी नसते. पण "नाही" म्हणणारा तो आणि ठरवणारी कंपनी, हा फरक धरून ठेवा. नुसतं तोंडी "नाई बसत" ऐकून घरी येऊ नका. क्लेम टाका म्हणा, आणि नाकारला तर कारण लेखी किंवा मेलवर द्या म्हणा. लेखी मागितलं की निम्म्या वेळा आवाज बदलतो.

आता जे मिळत नाही त्याचं. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपरचं रबर, फिल्टर, बल्ब, फ्यूज, ऑइल, कूलंट हे सगळं घासणारं किंवा संपणारं सामान, ते आपल्याच खिशातून. वायपरचं रबर आमच्या उन्हात एका उन्हाळ्यात वाळून कडक होते, त्याबद्दल भांडायला जाऊ नये. क्लचवर मात्र भांडणं भरपूर होतात, गिऱ्हाईक म्हणते माल खराब, सर्व्हिसवाला म्हणते हाफ क्लचवर चालवता, आणि बहुतेक वेळा सर्व्हिसवालाच जिंकतो. कडुनिंबाखाली गाडी उभी करून रंगावर चिक पडला, पक्ष्यांची घाण वाळली, तर तेही नाही.

फ्री सर्व्हिस म्हणजे फक्त मजुरी फ्री, ऑइल-फिल्टरचे पैसे लागतातच. पहिलं बिल पाहून बाबा म्हणाले, "फ्री म्हणजे इतके, तं पैशाची कितीची राह्यते बाप्पा?" तरी सर्व्हिस चुकवू नका. ती पण महिने किंवा किलोमीटर, जे आधी होईल ते, आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत तारीख आली की आपला माणूस म्हणतो दिवाळीनंतर पाहू. पुढे इंजिनात काही निघालं की पहिला प्रश्न तोच येतो, सर्व्हिस वेळेवर झाली होती का.

उंदीर. हा आमच्याकडचा मोठा विषय आहे आणि एकाही सेल्समननं यावर तोंड उघडलेलं मी ऐकलं नाही. गाडी ज्या शेडात उभी राहते तिथंच कापूस, ढेप, सरकी. पावसाळ्यात एक दिवस इंजिनची लाइट लागली, बोनेट उघडलं तर इंजिनच्या वरच्या कव्हरखाली सरकीच्या टरफलांचा आणि कापसाचा खोपा, वायरचं वरचं कव्हर सोलून आतलं तांबं उघडं. वॉरंटीत हे कुठंच बसत नाही. इन्शुरन्स फुल असेल तर बऱ्याच कंपन्या देतात, आपली पॉलिसी पाहा. पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे पहिले १००० रुपये आपलेच जातात, त्याहून मोठ्या इंजिनला २०००, शिवाय एक वर्ष क्लेम नाही केला तर पुढच्या प्रीमियममध्ये गाडीच्या नुकसानीच्या हिश्श्यावर २० टक्के सूट मिळते, ती हातची जाते. वायर छोटी असेल तर खिशातून केलेलं परवडते. मी तेच केलं. आता रात्री बोनेट थोडं उघडं ठेवतो आणि ढेपेची पोती दुसऱ्या खोलीत हलवली. डांबरगोळ्या ठेवून पाहिल्या, उंदरांना फरक नाही पडला, आम्हालाच वास.

पाण्याचंही तसंच. नाल्यावरून पाणी वाहत असताना गाडी टाकली, इंजिनात पाणी ओढलं गेलं, तर वॉरंटीवाला हात वर करतो, आणि बंद पडलेल्या गाडीला आपण परत परत सेल्फ मारत राहिलो तर साधा इन्शुरन्सवालाही. त्यासाठी पॉलिसीत इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागते. बेंबळा, अडाण, पैनगंगा यांच्या बाजूच्या लोकांनी ते घेतलेलं बरं.

बाहेरून वायर कापून काही लावू नका, हे मात्र शंभर टक्के ऐका. एलईडी, मोठा हॉर्न, अ‍ॅम्प्लिफायर, जे लावायचं ते जोडणीच्या सॉकेटवर लागत असेल तरच, आणि शोरूमकडून लावलं तर त्याचं बिल वेगळं आणि पक्कं घ्या. गावातल्या एकाची नवीन गाडी, दुकानातून लाइट लावले, पुढे डॅशबोर्डवरचं सगळं कधी चालू कधी बंद, सेंटरवाल्यानं टेप गुंडाळलेली वायर दाखवली आणि इलेक्ट्रिकचं सगळंच वॉरंटीबाहेर करून टाकलं.

गावच्या मिस्त्रीकडे काम केलं की वॉरंटी गेली, असंही सर्रास सांगतात. पूर्ण खरं नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ गाडी कंपन्यांवर मोठा दंड लावला होता, त्याच आदेशात होतं की बाहेरच्या मिस्त्रीकडे गेला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट कंपनीनं घालायची नाही. त्या मिस्त्रीच्या कामामुळेच नुकसान झालं असेल तर गोष्ट वेगळी. पुढे ते प्रकरण अपिलात गेलं. म्हणून मी मधला रस्ता धरला आहे, पंक्चर, व्हील अलाइनमेंट, वायपर, बॅटरीचं पाणी-पिणी गावात, आणि इंजिन, गिअर, एसी, वायरिंगला तीन वर्षं बाहेरचा हात नाही. कायद्यानं आपण बरोबर असलो तरी दारव्ह्याहून यवतमाळला त्यासाठी चकरा कोण मारणार.

टायर आणि बॅटरीची वॉरंटी गाडी कंपनी देत नाही, ज्यानं बनवली तो देतो. एका टायरला बाजूनं फुगा आला, टायरवाल्यानं पाहून सांगितलं खड्ड्याचा मार आहे, बनावटीचा दोष नाही, आणि आमच्या रोडकडे पाहता मलाही वाद घालता आला नाही. पण तो टायर घालून समृद्धीवर जाऊ नका, कारंज्याहून चढलं की पाय आपोआप खाली जातो.

रस्त्यात मदतीची सेवा वॉरंटीपेक्षा वेगळी असते, तिची मुदत वेगळी आणि टो, म्हणजे गाडी ओढून नेणं, किती किलोमीटर फुकट हेही वेगळं. एकदा बॅटरी डाउन झाली म्हणून फोन केला तर ताई विचारते लँडमार्क सांगा. मी म्हटलं मारुतीच्या पारापासून उजवीकडे, पुढे जिनिंग. तिला ते काही सापडेना. शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन टाकलं, माणूस आला, उशिरा आला पण नीट काम करून गेला. नेटवर्क नसलेल्या जागी बंद पडली तर काय, हे ते पण सांगत नाहीत.

डीलर ऐकत नसेल तर आधी कंपनीच्या कस्टमर केअरला मेल, फोन नाही, मेल. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, ती मराठीतही बोलते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत आहे. आपण दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असली तर जिल्ह्यालाच चालते. फी ५ लाखांपर्यंत शून्य आणि ५ ते १० लाखांना २०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मला तिथवर जावं लागलं नाही, पण मॅनेजरसमोर १९१५ चा आकडा सहज बोलून दाखवला होता, त्याचा काही उपयोग झाला असेल तर तो जाणे.

राहिली एक्स्टेंडेड वॉरंटी. शोरूममध्ये ती लोनमध्येच घालून देतात, म्हणजे तिच्यावरही पाच वर्षं व्याज. पहिल्याच दिवशी घ्यायलाच पाहिजे असं मला वाटत नाही, मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत बहुतेक कंपन्या देतात, मात्र जितका उशीर तितकी महाग, आणि मूळ संपून गेली की नाही मिळत. दुसरं म्हणजे वाढीव वॉरंटीत मूळ वॉरंटीचं सगळं येईलच असं नाही, त्यातली यादी वेगळी वाचा. रबरी सामान, सस्पेन्शन, टचस्क्रीन यावर खास बोट ठेवून विचारा. गाडी विकायची असेल तर ती पुढच्या मालकाच्या नावावर होते का हेही. माझ्या गाडीत एसी आणि स्क्रीन हेच महागाचं सामान आहे, स्क्रीनचा भाव विचारला तर सेकंडहँड मोटरसायकल येईल, म्हणून मी घ्यायच्या बाजूनं आहे. कोटेशन काढून ठेवलं आहे. अजून मुदत आहे, यंदा कापसाला भाव काय लागते ते पाहून टाकू.