औसा रोडचं स्नूकर: आतलं टेबल घ्या

लातुरात पूलची टेबलं आता गल्लोगल्ली झालीत, क्लास सुटला की पोरं तिथंच. पूर्ण बारा बाय सहाचं स्नूकर टेबल मात्र शोधावं लागतं. औसा रोडला एका तळघरात अशी दोन आहेत. ब्रेक बनवायला, म्हणजे एका पाळीत न चुकता सलग गुण काढायला शिकायचं असेल तर आतलं घ्या, दारापाशचं नको.

आतल्या टेबलावर मार्करमामा (टेबलं सांभाळणारे, गुण मांडणारे) रोज ब्रश मारतात, बॉककडून, म्हणजे खेळ सुरू होतो त्या टोकाकडून ब्लॅककडं, एकाच दिशेनं. वरचं, म्हणजे ब्लॅककडचं कुशन (टेबलाची रबरी कड) इमानदार आहे. ब्लॅक घालून पांढरा त्या कुशनला लावून रेडकडं आणायचा, हा ब्रेकमधला रोजचा शॉट. इथं जेवढा जोर लावाल तेवढाच पांढरा येतो. फक्त ब्लॅकवर येताना किंचित कोन ठेवा. नाकासमोर सरळ आलात तर पांढरा एकतर पुढं जाईल नाहीतर मागं येईल, बाजूला न्यायची सोय नाही.

इथल्या बहुतेकांना पॅक, म्हणजे रेडचा गठ्ठा, फोडायची भारी हौस. सुट्या रेड समोर दिसत असताना ब्लॅकवरून दणका द्यायचा, पांढरा पॅकमध्ये अडकवायचा आणि खुर्चीत जाऊन बसायचं! मामा कोपऱ्यातून म्हणतात, "घाई कशाला करलालास? सुटी रेड काय पळून चाललीय का?" बरोबर आहे, पण मी पुढं एक जोडेन: सगळ्या सुट्या संपवूही नका. एक राखून फोडा. पॅक नीट फुटला नाही तरी ब्रेक चालू राहतो.

पॉकेटं सढळ आहेत, त्यामुळे पातळ कट घ्यायला हरकत नाही. ब्लूसाठी वर-खाली पळण्यापेक्षा पिंक-ब्लॅकच्या आसपास राहून छोटे स्टन (पांढऱ्याला पुढची-मागची फिरकी न देता मारलेले फटके) मारले की चाळीस गुणांच्या पुढं आरामात जाता येतं.

दारापाशच्या टेबलाचं दुखणं बॉकच्या कुशनला आहे. मेलेलं आहे ते. पिवळा घालून त्या कुशनवरून हिरव्यावर यायला गेलात की पांढरा तिथंच चिकटतो, मग क्यू उभा धरून मारत बसा. १४७ म्हणजे ब्रेकमधले नेहमीचे सर्वाधिक गुण; त्यातले शेवटचे २७ पिवळ्यापासून ब्लॅकपर्यंतच्या सहा रंगांचे. या टेबलावर ते पिवळ्यापाशीच अडतात. कुशन बदलायचं बोलणं मालक दर दिवाळीला करतात.

पावसाळ्यात तळघरात ओल असते, कापड जड होतं. तेव्हा लांबचा स्क्रू, म्हणजे पांढरा मागं ओढून आणायचा फटका, विसरा. लांब रेस्टचं (क्यू टेकवायच्या काठीचं) डोकं हलतं, तेही बघून घ्या. चहा वरच्या टपरीवरून येतो, चांगला असतो.

शनिवारी संध्याकाळी आतलं टेबल मिळत नाही. आठवड्यात दुपारी जा. फ्रेम लावायच्या आधी मामांकडून बॉल पुसून घ्या, पांढऱ्यावर खडू चिकटलेला असतो. त्यानं बॉलला बॉल लागताना उसळी बसते आणि जमवलेली पोझिशन जाते.