बोल्टवरचा चिखल तसाच होता, आणि माझे २२,००० गेले

५०० रुपये गाडी नुसती बघायचे. १०,००० आगाऊ, मोबाइलवरून. ११,५०० रोख. एकूण २२,०००. एवढं मोजून माझ्या २००८ च्या इंडिकाला नवा स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा भाग) बसला असं मी नऊ दिवस समजत होतो. प्रत्यक्षात जुन्या रॅकला जागच्या जागी काळा रंग मारला होता. खोलायचे कष्टसुद्धा घेतले नव्हते.

हे लिहायला लाज वाटते. ज्या कोल्हापुरात कारखान्यांचं उद्यमनगर आहे, नात्यातली निम्मी माणसं लेथवर नाहीतर फौंड्रीत आहेत, तिथं मी फसलो. तरी लिहितोय, कारण माझ्या डोळ्यांदेखत त्या गॅरेजमध्ये आणखी दोन जुन्या गाड्या 'रॅक गेलाय' म्हणून उभ्या होत्या. तक्रार चालू आहे तोवर नाव लिहू नका असं वकिलांनी बजावलंय, म्हणून नाव नाही.

जूनच्या शेवटी सकाळी गाडी वळवताना घूं घूं आवाज यायला लागला. गल्लीतून बाहेर काढताना स्टिअरिंग मधूनच जड व्हायचं, हायवेला लागलं की ठीक. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेला ठरलेलं, पुढच्या तपासण्याही तिथंच. उद्यमनगरात फिटर असलेला माझा मेहुणा वारीला गेलेला. पाऊस धो धो. अशा वेळी माणूस रस्त्यात लागेल त्या गॅरेजमध्ये शिरतो. मीही शिरलो.

मिस्त्रीनं गाडी बंद केली आणि म्हणाला, "काका, फिरवून बघा." मी फिरवलं. दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. "बघा, रॅक जाम झालाय." अहो, माझ्या गाडीत ऑइलच्या जोरानं स्टिअरिंग हलकं करणारा पॉवर स्टिअरिंगचा पंप इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, मग अशा कुठल्याही चांगल्या गाडीचं स्टिअरिंग जागेवर जडच लागणार. रॅक जाम आहे का हे बघायचं तर पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलून मग फिरवायचं. तेव्हाही अडकलं तर रॅक, जॉइंट किंवा कॉलममध्ये दोष. सहज फिरलं तर आधी ऑइल, पट्टा, पाइप, पंप बघायचे. हे आज मला पाठ आहे. त्या दिवशी मी मान डोलावली.

मग त्यानं विचारलं, "२०१९ च्या पुरात हुती काय गाडी?" शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत तेव्हा दोन दिवस पाणी होतं, गाडी त्यातच उभी होती. मी हो म्हणालो. "मग संपलंच की. रॅकमधी पाणी शिरून आतनं गंजलाय. आईला घेऊन जाताय, वळणावर अडकलं तर?" पूर म्हटलं की आमच्या गावात माणूस आतून हलतो, आणि त्याला ते पक्कं माहीत होतं. पुरानंतर इतकी वर्षं हीच गाडी मी गगनबावडा घाटातून चालवली, रॅक एकदाही अडकला नाही, हे मला तिथं उभ्या उभ्या सुचायला हवं होतं.

हिशोब असा सांगितला: रॅक १४,८००, पंपाचं सील किट ३,२००, ऑइल ९००, मजुरी २,६००. एकूण २१,५००. बघायचे ५०० आधीच घेतले होते. पक्कं बिल हवं तर जीएसटी वेगळा लागेल म्हणाला, म्हणून मी चिठ्ठीवर भागवलं. चिठ्ठीवर एवढंच: 'स्टिअरिंग काम २१,५००'. ही चूक मला सगळ्यात महागात पडली. बिल पक्कंच घ्या, आणि त्यावर पार्टचं नाव आणि नंबर लिहून घ्या.

आता तो क्षण, जो आठवला की अजून झोप उडते. तिसऱ्या दिवशी गाडी न्यायला गेलो. त्यानं मला गाडीखालच्या पिटमध्ये उतरवलं, टॉर्च मारला. "बघा, कोरा करकरीत." रॅक चकचकीत काळा होता. मी बोट लावलं तर बोटाला काळं लागलं, थिनरचा वास आला. आणि रॅक ज्या क्लॅम्पनी धरलेला असतो त्यांच्या बोल्टवर वाळलेला लाल चिखल होता. बोल्टच्या डोक्याच्या कडेकडेनं, न भेगाळलेला, एका बाजूला गवताची काडी चिकटलेली. पाना लागला असता तर तो चिखल राहिला असता का? मला दिसलं. मी बघितलं. 'कंपनीचं ग्रीस असतं काका' असं तो म्हणाला आणि मी बोट रुमालाला पुसलं. जुना रॅक मागितला तर 'एक्सचेंजला गेला'. अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ लावून घेणं, करायची का विचारलं तर 'गरज न्हाई'. रॅक बदलताना रॅकला चाकांशी जोडणारे टाय रॉड सुटतात, अलाइनमेंट करावीच लागते. नाही म्हणाला म्हणजे त्यानं काही सोडवलंच नव्हतं.

बाहेर आई बसून होती, डोळ्याला हिरवी पट्टी. मी भांडायचं टाळलं. दुसरा कुणी असता तर त्यानंही तेच केलं असतं असं मला आजही वाटतं.

दहाव्या दिवशी आवाज परत आला. मेहुणा वारीहून आला होता. त्यानं इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग ऑइलच्या बाटलीचं झाकण काढलं. आत ऑइलवर फेस, ताकासारखा. "दाजी, हवा ओढतोय." बाटलीतून पंपाकडे जाणारा रबरी पाइप क्लिपजवळ चिरला होता. त्यातून हवा शिरत होती, म्हणून घूं घूं, म्हणून मधूनच जड. गॅरेजवाल्यानं फक्त ऑइल भरून हवा काढली होती, त्यावर नऊ दिवस निघाले. नवा पाइप ४२०, दोन क्लिपा ६०, ऑइल ३८०, पाइप बसवणाऱ्याची मजुरी ४००. एकूण १,२६०. पंपाला तर कुणी हातच लावला नव्हता. आणि पंप गेलाय का रॅक गेलाय हे ऑइलचा दाब मोजणारं प्रेशर गेज लावून कळतं. गेज न लावता 'दोन्ही गेले' म्हणणाऱ्याकडून गाडी तशीच परत आणा.

मेहुण्यानं बोल्टचे फोटो काढले. ते घेऊन मी गॅरेजला गेलो. "काम झालंय, पैसे दिलेत, आता काय?" एवढंच उत्तर.

पोलीस ठाण्यात तीन वेळा गेलो. पहिल्यांदा 'हा दिवाणी मामला'. दुसऱ्यांदा 'पक्कं बिल आणा'. अहो, बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे! तिसऱ्यांदा साहेब बंदोबस्ताला. दीड तास बाकावर बसलो, समोर एक हवालदार मोबाइलवर व्हिडिओ बघत होता. खोटं सांगून पैसे घेणं म्हणजे फसवणूक, पूर्वीचं कलम ४२०, आता भारतीय न्याय संहितेतलं ३१८, हे मी त्याला सांगितलं तर म्हणाला, "मग तुम्हीच लिवा की एफआयआर." ठाण्यात नोंद घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार टपालानं पाठवता येते. हे वकिलांनी सांगितलं, ठाण्यात एकानंही नाही. आपण कर भरतो, वाहतुकीचा दंड वेळेवर भरतो, आणि आपल्या २२,००० साठी कुणाला खुर्चीवरून उठावंसं वाटत नाही. दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात कारकुनानं चिठ्ठी उलटीपालटी करून परत दिली आणि म्हणाला, "ह्यावर गॅरेजचं नावच नाही." खरंच नाही. रबरी शिक्काही नाही.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, नंबर जपून ठेवा. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आपण दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. रोख देऊ नका. माझ्याकडे १०,००० चा मोबाइलचा व्यवहार आहे म्हणून वकिलांनी प्रकरण हातात तरी घेतलं. ११,५०० मी दिले हे सांगायला फक्त आई साक्षीला आहे, आणि तिच्या डोळ्याला तेव्हा पट्टी होती.

जुना पार्ट आधी बाजूला ठेवायला सांगा. काम सुरू व्हायच्या आधी बोल्टवर खडूची किंवा नेलपॉलिशची रेघ मारा आणि फोटो काढा; नंतर रेघ तशीच दिसली तर बोल्ट सोडलाच नाही.

अधीक्षकांना टपालानं तक्रार गेलीय. सोमवारी पोच घेऊन ठाण्यात चौथ्यांदा जाणार आहे. बोल्टच्या फोटोची मोठी प्रिंट काढलीय, त्यात ती गवताची काडीसुद्धा दिसते.