आमच्या भागातील नागरिक समिती: अर्जात पक्की, आराखड्यात कच्ची

पुण्यात मुठा नदीच्या पश्चिमेकडील आमच्या उपनगरात सोसायट्यांच्या प्रतिनिधींनी चालवलेली एक नागरिक समिती आहे. दर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता ती एका सोसायटीच्या हॉलमध्ये बसते, कोणाकडून एक पैसा घेत नाही आणि महापालिकेकडे पाठवायच्या सूचनांचे अर्ज नीट भरून देते. गेले दीड वर्ष मी तिच्याकडे जात आहे, त्यामुळे हा अभिप्राय एका फेरीवर बेतलेला नाही. गुण द्यायचे तर पाचपैकी साडेतीन देईन, आणि कापलेला दीड गुण नेमका त्या कामासाठी आहे ज्याचा समितीला सर्वाधिक अभिमान वाटतो.

पुणे महापालिकेने 2006 मध्ये अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून थेट कामे मागवण्याची पद्धत सुरू केली. पदपथ, बाक, दिवे अशी 5 लाख रुपयांच्या आतली कामे आपण सुचवायची, क्षेत्रीय कार्यालयाने ती तपासायची, प्रभाग समितीने मान्य करायची आणि मग ती पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात धरली जायची, असा तिचा क्रम आहे. अर्ज एका पानाचा असतो आणि फसवा असतो.

मी गेलो होतो तो बसथांब्याजवळच्या पदपथाला उतार मागायला. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून वॉकर उचलून पदपथावर ठेवायचा आणि मग आईला वर घ्यायचे, ही कसरत रोजची झाली होती. टेबलामागच्या निवृत्त ओव्हरसिअर काकांनी माझा अर्ज बाजूला सारून पहिला प्रश्न विचारला, "जागा कोणाची?" रस्ता म्हणजे महापालिकेचाच, असे मी म्हणालो. त्यावर त्यांनी विकास आराखड्याच्या, म्हणजे शहरातली कोणती जागा कशासाठी हे ठरवणाऱ्या आराखड्याच्या, नकाशाची घड्यांवर फाटलेली, चिकटपट्ट्या लावलेली प्रत पसरली, तिच्यावर पट्टी ठेवली आणि रस्तारुंदीत गेलेला शेजारच्या सोसायटीचा तुकडा कागदोपत्री अजून सोसायटीच्याच नावावर असल्याचे दाखवून दिले. खासगी जागेवरचे काम छाननीतच बाद झाले असते. "थांब्याच्या दुसऱ्या टोकाला मागा, आणि 'उतार करावा' एवढेच लिहू नका, मापे लिहा," असे सांगून त्यांनी मला टेप दिली.

पदपथाची कड 23 सेंटीमीटर उंच निघाली. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेनुसार ती 15 सेंटीमीटरहून उंच असू नये, आणि उतार एकास बारा या प्रमाणात असावा. म्हणजे आहे त्या कडेला जवळजवळ पावणेतीन मीटर लांबीचा उतार लागणार होता. काकांनी हे सगळे तीन ओळींत बसवले. काम मंजूर झाले, पुढच्या उन्हाळ्यात पूर्णही झाले, फक्त ठेकेदाराने दुचाकी चढू नयेत म्हणून उताराच्या बरोबर तोंडाशी लोखंडी खांब रोवला. तो हलवून घ्यायला समितीला आणखी दोन महिने आणि चार पत्रे लागली. पाठपुरावा हा शब्द आपण किती सहज वापरतो!

समितीची खरी कमाई म्हणजे तिची लांबट, कापडी बांधणीची वही. सूचना, जागेची मालकी, अंदाजे खर्च, मंजुरी आणि शेवटी 'काम झाले का' असे रकाने त्यात हाताने आखलेले आहेत. मार्च 2022 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि बराच काळ प्रभाग समितीत नगरसेवकच नव्हते, तेव्हाही या वहीतल्या नोंदी खंडित झालेल्या नाहीत. बैठकीचे इतिवृत्त मात्र मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागितल्यावरही लवकर मिळत नाही.

आता आराखड्याविषयी. शहराचा विकास आराखडा कायद्याने वीस वर्षांनी सुधारायचा असतो. पुण्याच्या जुन्या हद्दीचा 1987 चा आराखडा बदलायला 2017 साल उजाडले. मधल्या 2013 च्या प्रारूपावर 80 हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या आणि 2015 मध्ये राज्य सरकारने ते काम आपल्याकडे घेतले. हरकतींसाठी मिळणारी मुदत काही आठवड्यांची असते, म्हणून आपल्या भागाला पुढच्या वीस वर्षांत काय हवे हे आधीच लिहून ठेवावे, हा समितीचा विचार अगदी योग्य आहे.

लिहिले काय, हे पाहिल्यावर मात्र निराशा होते. चौदा पानांच्या मसुद्यात नऊ पाने पार्किंगची आहेत. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केले हे पाहिलेल्या शहरात, आमच्या भागातून वाहणाऱ्या नाल्याला एक परिच्छेद मिळाला आहे, आणि त्यातही मागणी आहे ती वास आणि डास यांच्या बंदोबस्ताची. नाल्याच्या पलीकडे वस्ती आहे. पाणी प्रथम कोणत्या घरात शिरते, भिंत कुठे खचली आहे, हे तिथल्या बायकांना तोंडपाठ आहे. आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंनी मला ते पाच मिनिटांत सांगितले. समितीत वस्तीतल्या बायकांपैकी एकही नाही. हे मी बैठकीत मांडले, तेव्हा "बोलावतो हो, पण त्या येत नाहीत" असे उत्तर मिळाले. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता त्या आम्हा सोसायटीवाल्यांच्याच स्वयंपाकघरांत पोळ्या लाटत असतात, हे हॉलमधल्या कोणाच्याच लक्षात आले नव्हते. भाड्याने राहणारे विद्यार्थी आणि नोकरदार यांचीही गत तीच, कारण निमंत्रण जाते ते सोसायटीच्या सेक्रेटरीच्या नावे.

पुढची आराखड्याची बैठक रविवारी सकाळी दहा वाजता वस्तीतल्या समाजमंदिरात ठेवल्याचे सूचना फलकावर लागले आहे. अर्जासाठी जायचे असेल तर मात्र शनिवारीच जावे. जागेचे प्रॉपर्टी कार्ड मिळाले तर बरोबर न्यावे, मापे आधीच घेऊन ठेवावीत आणि साडेसातच्या आत पोहोचावे, कारण त्यानंतर काका नकाशाची घडी घालतात आणि मग काहीही झाले तरी ती पुन्हा उघडत नाहीत.