आरटीओ नागपूर : ऑनलाइन झकास, ट्रॅकवर मात्र साहेबाची वाट पाहा

लर्निंग लायसन्सला पाचपैकी साडेचार स्टार, पक्क्या लायसन्सच्या टेस्टला दीड. एकाच खात्याच्या दोन सेवांत एवढा फरक काहून ते सांगतो, जरा लांबेल पण ज्यांच्या घरी नुकतंच अठरा पूर्ण झालेलं पोरगं-पोरगी आहे त्यांनी वाचाच.

पहिले चांगलं सांगतो. भाचीचं लर्निंग घरीच सोफ्यावर बसून झालं राजेहो. सारथी या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर आधार नंबर टाकला, ओटीपी आला, नाव पत्ता फोटो सगळं आधारमधूनच उचललं, मग रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ आणि त्यानंतर परीक्षा, 15 प्रश्न, 9 बरोबर आले की पास. फी दोनशेच्या आसपास लागली आणि लायसन्सची पीडीएफ तिथल्या तिथे मिळाली. आपल्या राज्यात हे 2021 पासून आहे, त्याआधी यासाठी आरटीओत अख्खी सकाळ जायची. बाबांचं रिन्युअलही असंच झालं. चाळिशीच्या वरच्यांना डॉक्टरचं फॉर्म 1अ, म्हणजे तब्येतीचा दाखला, लागते तेवढं घ्या, आणि पंचावन्नच्या पुढे एका वेळी 5 वर्षांचंच मिळते, जास्त नाही, त्यात कोणाशी वाद घालू नका, नियमच तो आहे. केंद्रानं 2022 मध्ये अशा 58 सेवा आधारवर केल्या, त्यातल्या आम्ही जेवढ्या वापरल्या तेवढ्यांत बोट ठेवायला जागा नाही.

आता ट्रॅक, म्हणजे जिथे गाडी चालवून पक्क्याची टेस्ट द्यायची ती जागा. शहर एमएच 31, पूर्व एमएच 49, ग्रामीण एमएच 40, यातलं कोणतं ऑफिस ते नाही सांगत, कारण दुखणं एका ऑफिसचं नाहीच. सकाळचा स्लॉट होता, वेळेच्या आधी पोचलो तर आमच्या आधीच्या स्लॉटवाली पोरं तिथेच दुपट्टा गुंडाळून उभी, अन् मे महिन्यातलं नागपूरचं ऊन म्हणजे सांगायलाच नको. चौकशी केली तर टेस्ट घेणारे साहेब फिटनेसच्या, म्हणजे रस्त्यावर चालवायला ठीक आहेत का त्या तपासणीच्या, गाड्या पाहून राहिले, तिकडून मोकळे झाले की येतील. कधी येतील हे कोणालाच माहीत नाही. आत गेलो तर उलटं चित्र, ज्या हॉलमध्ये आधी लर्निंगच्या परीक्षेची झुंबड असायची तिथे खुर्च्या रिकाम्या, पंखे फिरून राहिले, खिडकीवर एक बाई निवांत बसलेल्या. काम कॉम्प्युटरनं कमी केलं ते आतलं, आणि माणसं कमी पडून राहिली बाहेर.

आता कोणी म्हणेल मग त्या बाईंनाच ट्रॅकवर उभं करा ना. नाही होत भाऊ. टेस्ट मोटार वाहन निरीक्षकानंच घ्यायची असते, त्याला मेकॅनिकल नाहीतर ऑटोमोबाईलचा डिप्लोमा तरी लागतो आणि भरती एमपीएससीतून, म्हणजे जाहिरात निघाल्यापासून माणूस रुजू होईपर्यंत किती काळ जाते ते ज्यांची पोरं एमपीएससी करून राहिली त्यांना विचारा. आणि त्याच निरीक्षकाला ट्रॅक, ट्रकांचं फिटनेस, तालुक्याचे कॅम्प, रस्त्यावर गाड्या तपासणाऱ्या वायुवेग पथकाची ड्युटी, वरून कोणाचा दौरा असला तर तेही. त्या साहेबांवर माझा राग नाही, आल्यावर पाणीसुद्धा न पिता सुरू झाले बिचारे.

माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. लर्निंग काढल्यावर 30 दिवस थांबल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देता येत नाही आणि लर्निंग चालते 6 महिने. म्हणजे ट्रॅकवर अंदाजे किती पोरं येणार हे खात्याला महिनाभर आधी घरबसल्या कळते, वरून स्लॉटही आपणच बुक करतो! ट्रकांचं, स्कूल बसचं फिटनेस कोणत्या तारखेला संपते हे 'वाहन' या गाड्यांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलच्या डेटात गाडीगणिक पडलेलं आहे. बारावीची परीक्षा झाली की पोरं लायसन्सला धावतात, आणि विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात तर त्याच्या आधीच स्कूल बसच्या तपासण्या, म्हणजे दोन्ही गर्दी एकमेकांवर आदळतात, दरवर्षी, त्याच महिन्यात. यासाठी एआय-बीआय काही नको, एक एक्सेल शीट पुरे. पण ड्युटीचा तक्ता अजूनही सकाळी ठरते असं दिसते. लोकांना अपॉइंटमेंट दिली, साहेबाला द्यायची राहून गेली.

बाहेर टपरीवर एक एजंट चहा पिता पिता म्हणे, "पोर्टलनं आमचा फॉर्म भरायचा धंदा बसवला, पण वाट पाहून पाहून कटाळलेला माणूस अजून आमच्याकडेच येते." खोटं नाही वाटलं मला.

आणि एक बारीक गोष्ट, ओटीपीचा मेसेज दोन सेकंदात येते, मग "टेस्ट दोन तास उशिरा" एवढा मेसेज पाठवायला काय जाते? कोणी काटोलकडून येते, कोणी मजुरी पाडून येते, निदान सावलीत तरी बसतील.

खुद्द टेस्ट मात्र चोख झाली. गाडीनं आठचा आकडा काढायला लावला, पाय टेकू द्यायचा नाही, आणि दोन पोरांना साहेबांनी सरळ नापास केलं, चिठ्ठी-बिठ्ठी काही चाललं नाही, त्यातलाच हा दीड स्टार. भाची पास. कार्ड पोस्टानं येते, तोपर्यंत डिजिलॉकरमधलं दाखवा, पोलिसांना ते चालते.

जाणाऱ्यांसाठी : मे-जून टाळता आलं तर टाळा, सकाळचा पहिला स्लॉट घ्या, हेल्मेट घरूनच न्या, आणि ज्या गाडीवर टेस्ट देणार तिचं इन्शुरन्स अन् पीयूसी संपलेलं नाही ना ते आदल्या रात्री पाहून घ्या, आमच्या पुढचा पोरगा तेवढ्यासाठी परत गेला.