नाशिकला गेल्यावर दुपारचं जेवण वायनरीत करावं की शहरात?

नाशिकची सुट्टी ठरली की मुंबई-पुण्याकडच्या बहुतेकांच्या यादीत एक वायनरी असतेच. तिथे फिरणं आणि टेस्टिंग झालं की दीड वाजतो, पोटात कावळे ओरडायला लागतात आणि प्रश्न पडतो: इथेच जेवायचं की शहरात परतायचं? मी दोन्ही केलं आहे. शनिवार-रविवार असेल तर वाईन वायनरीत घ्या आणि जेवण शहरात करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

या मताला कारण झालं ते नाशिक परिसरातल्या एका वायनरीतलं रविवारचं जेवण. टेबल मिळायला तासाहून जास्त वेळ गेला. पिझ्झा कडेला करपलेला आणि मध्ये ओला, पास्ता शिजून लगदा झालेला, पनीर टिक्का गार. शिराज ही रेड वाईन आली ती चक्क कोमट. चौघांचं जे बिल झालं, त्यात शहरात दोन वेळा व्यवस्थित जेवता आलं असतं. मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्याच ठिकाणी टेस्टिंगला दिलेली शेनिन ब्लाँ ही व्हाईट वाईन फार छान होती. द्राक्ष पिकवणाऱ्यांनी आणि वाईन करणाऱ्यांनी घेतलेली सगळी मेहनत जेवणाच्या टेबलावर मातीमोल होत होती.

असं का होतं, हे तिथे बसल्या बसल्या दिसतं. सुट्टीच्या दिवशी सगळी गर्दी एक ते तीनमध्येच जेवायला बसते. मेनूकार्डावर पिझ्झा, पास्ता, बिर्याणी, तंदूर, चायनीज असं सगळंच असतं, त्यामुळे स्वयंपाकघराची ताकद विभागली जाते. शिवाय लोक समोरच्या द्राक्षबागेसाठी येतात. जेवण बरं नसलं तरी पुढच्या रविवारी टेबलं भरतातच.

शहराची बाजू मांडायची तर मिसळीपासूनच सुरुवात करावी लागते. मोड आलेली मटकी, वेगळा दिलेला झणझणीत रस्सा, पापड, दही, कांदा, लिंबू आणि पाव. गंगापूर रोडच्या बाजूची साधनाची चुलीवरची मिसळ प्रसिद्ध आहे, आणि मखमलाबादकडे तर द्राक्षाच्या मांडवाखाली बसून मिसळ खाता येते. म्हणजे बागेचं सुख फक्त वायनरीतच मिळतं असंही नाही. अडचण एकच: नाशिककर मिसळ खातात ती सकाळी. टेस्टिंग उरकून तीन वाजता शोधायला निघालात तर अनेक ठिकाणी संपलेली असेल. म्हणून क्रम उलटा करा. नऊ वाजता भरपेट मिसळ, अकराच्या सुमारास वायनरी, तिथे भूक लागलीच तर चीज आणि ब्रेड एवढंच, आणि संध्याकाळी लवकर शहरात थाळी. भरल्या पोटी वाईन चाखणं केव्हाही बरं.

वाईन आणि तिखट जेवण जुळत नाही म्हणून वायनरीतच जेवावं, असं काही जण सांगतात. यात अर्धंच तथ्य आहे. शिराज किंवा काबर्ने सोव्हिन्योसारख्या रेड वाईनमधला तुरटपणा तिखटाबरोबर जिभेला आणखी झोंबतो, हे खरं. पण किंचित गोडसर, थंडगार शेनिन ब्लाँ आपल्या मसालेदार जेवणाबरोबर उत्तम लागते. आवडलेली बाटली टेस्टिंगनंतर विकत घ्या आणि घरी मटणाच्या रश्श्याबरोबर उघडून बघा. आणि रेड वायनरीत प्यायचीच असेल तर ती १६ ते १८ अंशांच्या आसपास हवी. ‘रूम टेम्परेचर’ म्हणून नाशिकच्या दुपारी तीस अंशांवरची वाईन समोर आली, तर बाटली दहा-पंधरा मिनिटं बर्फात ठेवायला बिनदिक्कत सांगा.

आता वायनरीतच जेवणं योग्य ठरेल असे प्रसंग. पहिला म्हणजे मधला वार. मंगळवार-बुधवारी तेच स्वयंपाकघर बरंच बरं जेवण देतं आणि वाढणाऱ्यांना दोन शब्द बोलायलाही सवड असते. दुसरा म्हणजे अंतर. गंगापूर धरणाजवळच्या सुला, यॉर्क वगैरेंपासून शहर जवळ आहे. पण इगतपुरीकडे, मुकणे धरणाकाठच्या वालोनेसारख्या ठिकाणी गेलात तर जेवायला नाशिक गाठण्यात अर्थ नाही, तिथेच आधी टेबल सांगून ठेवा. तिसरा म्हणजे जानेवारी ते मार्चचा तोडणीचा हंगाम. तेव्हा वेलीवर घड असतात, तोडणी आणि गाळप चालू असतं, आणि त्या दृश्यासाठी जेवण थोडं डावं असलं तरी मी चालवून घेईन. पावसाळ्यात बागेत नुसता पाला असतो. डोंगर हिरवेगार दिसतात, पण द्राक्षं बघायची म्हणून जाणार असाल तर निराश व्हाल.

गाडी चालवणाऱ्याचा विचार दोन्हीकडे करावाच लागतो. आपल्याकडची कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल इतकी कमी आहे. टेस्टिंगचे चार-सहा घोट आणि जेवणाबरोबर एक ग्लास यांत ती सहज ओलांडली जाऊ शकते. म्हणून चालवणाऱ्याने घोटही घेऊ नये, नाहीतर शहरातूनच ये-जा करायला गाडी ठरवावी.

सुट्टीच्याच दिवशी वायनरीत जेवायचं नक्की केलं असेल तर बाराच्या आत टेबलावर बसा, आणि मागवताना त्या दिवशी स्वयंपाकघरात ताजं काय केलंय ते विचारून तेवढंच घ्या.