टाकीतलं शेवाळ आणि दुकानातले ‘क्लीनर’ मासे: कोणता घ्यावा, कोणता टाळावा

काच हिरवी झाली अशी तक्रार घेऊन मत्स्यालयाच्या दुकानात गेलात, तर दुकानदार जाळीत पकडून देतो तो बहुतेक वेळा सकर असतो. काळपट, ठिपकेदार, दोन इंचांचा, काचेला तोंड लावून बसलेला. घरगुती टाकीसाठी सर्वांत जास्त खपणारा आणि सर्वांत चुकीचा मासा हाच. त्याची पूर्ण वाढ फूट-सव्वा फुटाच्या पुढे जाते, म्हणजे चार फुटी टाकीतही त्याला नीट वळता येत नाही. लहानपणी तो शेवाळ खातो. मोठा झाला की बुडणाऱ्या गोळ्यांवर आणि उरलेल्या खाण्यावर जगतो आणि त्याची विष्ठा इतकी पडते की फिल्टर दमतो. त्या विष्ठेतून नायट्रेट, म्हणजे शेवाळाचं खतच, वाढतं आणि शेवाळ पुन्हा जोमाने येतं. टाकीत मावेनासा झाला की लोक तो तलावात सोडतात, आणि हे कधीच करू नये. मूळ दक्षिण अमेरिकेतला हा मासा उजनीच्या जलाशयातही पसरला आहे. त्याच्या काटेरी परांनी मच्छीमारांची जाळी फाटतात आणि स्थानिक माशांच्या जागेवर तो हक्क सांगतो.

सकरच्याच कुळातला, पण घरात शोभणारा मासा म्हणजे ब्रिसलनोज. चार-पाच इंचांवर त्याची वाढ थांबते. नराच्या नाकावर फांद्यांसारखे मऊ कोंब येतात, मादीला ते नसतात किंवा अगदी बारीक असतात. काचेवरचा मऊ हिरवा थर आणि नव्या टाकीतला तपकिरी थर तो मन लावून खरवडतो. शंभर लिटरच्या वरच्या टाकीत एक पुरेसा. साधारण हिशेब असा: २ बाय १ बाय १ फुटी टाकीत ५६ लिटर पाणी बसतं, ३ बाय सव्वा बाय सव्वा फुटी टाकीत सुमारे १३०. म्हणजे तीन फुटीपासून पुढे विचार करा. आत लाकडाचा तुकडा हवा, तो सतत चघळतो. लपायला एखादी गुहा किंवा आडवं मडकंही हवं. दोन नर एका लहान टाकीत ठेवू नयेत, जागेवरून भांडतात. बोअरच्या जड पाण्यातही हा तगतो, म्हणून आपल्याकडच्या बहुतेक घरांसाठी आमची पहिली पसंती हाच.

खरी फसगत होते ती लांबुडक्या, काळ्या पट्ट्याच्या माशांत. तीन वेगळ्या जाती ‘अल्गी ईटर’ (शेवाळ खाणारा) या एकाच नावाने विकल्या जातात आणि त्यांचे स्वभाव एकमेकांच्या अगदी उलटे असतात. सियामीज अल्गी ईटर हा त्यातला कामाचा. वनस्पतींच्या पानांच्या कडांना चिकटणारं काळं, ब्रशसारखं शेवाळ खाणारा हा जवळजवळ एकमेव मासा. ओळख अशी: काळा पट्टा शेपटीच्या बुंध्याशी थांबत नाही, शेपटीच्या परातून थेट खाचेपर्यंत जातो, त्याच्या कडा थोड्या दातेरी असतात आणि बाकीचे पर पारदर्शक असतात. पानावर विसावताना हा पोटाखालच्या परांवर टेकून राहतो, ती ढब लक्षात ठेवली की ओळख चुकत नाही. फ्लाइंग फॉक्सचा पट्टा गुळगुळीत असतो, त्याच्या वर सोनेरी रेघ असते आणि परांना काळी-पांढरी टोकं असतात. दिसतो देखणा, पण काळ्या शेवाळाकडे फारसं बघत नाही आणि दुसऱ्याला जवळ फिरकू देत नाही. तिसरा चायनीज अल्गी ईटर, बाजारात बहुधा पिवळाधमक. याचं तोंड खाली वळलेलं, चोखणीसारखं असतं. तो दहा इंचांपर्यंत वाढतो आणि मोठेपणी इतर माशांच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडून खातो. गोल्डफिश, एंजल, डिस्कस असे सावकाश पोहणारे, चपट्या अंगाचे मासे याच्या तडाख्यात जखमी होतात. हा घेऊच नये.

सियामीज घेतला तर टाकीला झाकण हवंच, कारण तो उडी मारतो. वाढतो पाच-सहा इंच, तेव्हा तीन फुटांपेक्षा लहान टाकी नको. मोठा झाल्यावर आळशीही होतो: फ्लेक्स (पापुद्र्यांसारखं तयार खाणं) मिळत असतील तर शेवाळाला तोंड लावत नाही. काळं शेवाळ काढायचं असेल तर रोजचं खाणं निम्म्यावर आणा आणि आठवड्यातून एक दिवस उपास ठेवा.

ओटो हा दीड इंचाचा मासा लहान टाकीसाठी आदर्श वाटतो, पण नवशिक्यांनी थांबावं. हे बहुतेक नदीतून पकडलेले असतात, वाटेत उपाशी राहतात आणि नव्या, चकचकीत टाकीत खायला काही न मिळाल्याने आठवड्या-दोन आठवड्यांत मरतात. टाकी निदान तीन महिने चाललेली, काचेवर थर जमलेली असावी. एक-दोन नव्हे, सहाचा घोळका घ्या. दुकानात मासा काचेला चिकटलेला असताना समोरून त्याचं पोट बघा: फुगीर असेल तर घ्या, खोल गेलं असेल तर सोडा. घरी आणल्यावर पिशवीतल्या पाण्यात टाकीचं पाणी तासभर थेंबाथेंबाने मिसळा. त्यांना २२ ते २६ अंश मानवतं, त्यामुळे विदर्भातल्या उन्हाळ्यात पंखा किंवा चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) यांच्या वाटेला जाऊ नये.

स्वस्तात काम हवं असेल तर ब्लॅक मॉली विसरू नका. पृष्ठभागावरचा तेलकट थर आणि केसाळ शेवाळ चाखते, जड पाणी तिला आवडतं. मात्र पिल्लं भरपूर होतात. काचेवरचे टणक हिरवे ठिपके कुठलाही मासा काढत नाही, तिथे नेराइट गोगलगाय किंवा पातं लागतं. गोगलगायींना आणि झिंग्यांना तांबं असलेलं औषध चालत नाही. निळसर-हिरवा, दुर्गंधी थर आणि हिरवं झालेलं पाणी यांवरही मासे उपयोगी नाहीत. हिरव्या पाण्यावर उपाय म्हणून तीन-चार दिवस टाकी पूर्ण अंधारात ठेवावी.

कोणताही घेतलात तरी त्याला पोट भरायला वेगळं द्यावंच लागतं. दिवा विझल्यावर काकडी किंवा दोडक्याची चकती दोन मिनिटं उकळून, वजन लावून तळाशी सोडा आणि सकाळी काढून टाका, राहिली तर पाणी कुजतं. दिवा सहा ते आठ तासच, टायमरवर. टाकीवर थेट ऊन नको. दर आठवड्याला पाव ते तिसरा भाग पाणी बदला, अँटी-क्लोरीन घालून. दिवा, ऊन आणि पाणी एवढं सांभाळूनही शेवाळ उरलं, तरच मासा आणायचा, आणि तो आधी दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचा.